रेडिओकाकांचा हिवाळा

बोलण्याच्या हौसेपायी सगळी इमारत त्यांना रेडिओकाका म्हणायची. निवृत्तीनंतर तर ते सकाळी ब्रेड आणायला म्हणून बाहेर पडत आणि जेवायच्या वेळेला परत येत. जिन्यात जो भेटेल त्याच्याशी गप्पा. घरात काकूंच्या वाट्याला फक्त "हं" आणि "वाढ".

तरी दर हिवाळ्यात काकू हट्टाने त्यांना दोन-दोन महिने परदेशी नेत.

"अहो, एवढ्या थंडीत तिथे बघण्यासारखं असतं तरी काय?" शेजारीण विचारायची.

"काही नाही," म्हणत काकू बॅगेत स्वेटर कोंबायच्या.

तिथल्या भाड्याच्या खोलीत काकांना बोलायला दुसरं कुणी नसे. मग ते भांडी पुसताना बोलत, खिडकीतून बर्फ बघताना बोलत. यंदा तर त्यांनी काकूंच्या लहानपणची लांबलचक आठवण मध्येच न तोडता ऐकली आणि वर विचारलं, "मग? पुढे काय झालं?"

"उद्या सांगते," काकू म्हणाल्या. इतकं चांगलं गिऱ्हाईक एका दिवसात कोण संपवतं?

दुसऱ्या दिवशी काका ब्रेड आणायला गेले ते थेट जेवायच्या वेळेला उगवले. चेहरा फुललेला.

"अगं, जमायला लागली मला इथली भाषा! खालचा बेकरीवाला म्हणजे लाखात एक माणूस. वाढ पटकन, त्याने पुन्हा बोलावलंय."

काकूंनी वाढलं. मग ट्रॅव्हलवाल्याला फोन लावला.


"पुढच्या वर्षी दुसरा देश बघा. बघण्यासारखं काही नसलं तरी चालेल, भाषा तेवढी अवघड हवी."