पुढची तपासणी

कोल्हापूरच्या आपल्या गॅरेजात रेहाना मुलाणीने रेसिंग बाइकच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट गेजने मोजली, टॅपेट सेट केले आणि झाकण बसवलं. पुढची तपासणी किती किलोमीटरनी करायची, हे हल्ली गाडीच सांगायची, चालवणाऱ्याचा हात ओळखून. एरवी वीस-बावीस हजारांचा आकडा यायचा. आज स्क्रीनवर आलं, ‘गरज नाही.’

“बरं झालं की,” गाडीचा मालक प्रणित हसला.

रेहानाला हसू आलं नाही. हे उत्तर तिने आधी दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही गाड्यांचे मालक महिन्याच्या आत अपघातात गेले होते.

“एक पार्ट मागवावा लागेल, गाडी राहू द्या,” ती खोटंच बोलली.

चौथ्या दिवशी आंबा घाटातून प्रणितचा फोन आला. “ताई, भावाची गाडी घेऊन आलोय. हिच्यावरही तेच दाखवतंय.”

मग मात्र रेहानाने त्याला सगळं खरं सांगून टाकलं.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “मग मी इथून घरी कसा येऊ?”