बुधवारचा फोन

"शंभरातले किती पॉइंट बुडतात तुमच्याकडे?" पाहुण्यांनी विचारलं, आणि धाकट्याने ताईकडे पाहिलं.

पाहुणे सहाशे दुकानांच्या साखळीचे मुख्य व्यवस्थापक. गिऱ्हाइकाला प्रत्येक खरेदीवर पॉइंट द्यायचे आणि साठले की भेटवस्तू द्यायची, हे काम कुणाकडे सोपवायचं ते आज ठरणार होतं. या धंद्यातली खरी मेख अशी, की गिऱ्हाईक विसरतं. मुदत संपते, पॉइंट बुडतात, भेटवस्तू वाचते. इतर कंपन्या छाती फुगवून सांगत, आमच्याकडे तीस बुडतात.

"चार," ताई म्हणाली. थाप मारणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

ताई म्हणजे धाकट्याची थोरली बहीण आणि कंपनीची मालकीण. एका बेकरीच्या काउंटरवर पुठ्ठ्याची कार्डं आणि भोकं पाडायचं यंत्र घेऊन ती पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा नातेवाईक हसले होते. आज अकराशे दुकानं, तीन मजले, ऐंशी माणसं. धाकट्याला तिचा केवढा अभिमान! फक्त तिचं एक खूळ त्याच्या पचनी पडत नसे. दर बुधवारी दहा ते अकरा अख्खं ऑफिस हातातलं काम टाकून फोनला बसे, शिपायापासून थेट ताईपर्यंत. "तुमचे पॉइंट बुडतील हो, या आणि काहीतरी घेऊन जा!"

"ताई, आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय," असं तो किती वर्षं कानीकपाळी ओरडत होता. शेवटी काल तिने शब्द दिला होता. हे काम हातचं गेलं, तर बुधवारचे फोन बंद. शब्द दिला आणि ती जेवली नाही.

धाकट्याने सावरून घ्यायचा प्रयत्न केला. "अहो, फोन करूनही न नेणारे आहेत की! ताईच्या यादीत एक आजी आहेत. चार वर्षांत चमचासुद्धा नेला नाही त्यांनी."

"मग त्यांचे बुडाले असतील."

"नाही," ताई ओशाळून म्हणाली. "मी दर बुधवारी त्यांची मुदत आठवडाभर वाढवते."

धाकट्याने कपाळावर हात मारला. हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"त्यांचं ठरतच नाही हो," ताई सांगू लागली. "गुडघ्यांचं बोलतात, कुंडीतल्या झाडाला कळी आली ते सांगतात. मग म्हणतात, पुढच्या बुधवारी नक्की. छत्री घेऊ, की..."

"की भिंतीवरचं घड्याळ," पाहुणे म्हणाले.

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. पाहुण्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"काम तुमचं. पण करारात एक अट घाला. बुधवारचे फोन बंद करायचे नाहीत."

"का?" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

"ती माझी आई. आम्हाला वाटायचं, कुणी मैत्रीण आहे तिची. घरात तीन छत्र्या आहेत, प्रत्येक खोलीत घड्याळ आहे. तरी दर बुधवारी नऊ वाजल्यापासून ती फोनपाशी खुर्ची ओढून बसते."