रुसवा पक्का

आप्पासाहेब भरल्या लग्नातून उठले आणि मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून रुसून बसले. नवरदेवाचे सख्खे मामा, आणि सत्काराच्या वेळी माईकवर नेमकं त्यांचंच नाव राहिलं. आता ते जेवणार नव्हते, आणि मामा जेवत नाहीत तोवर वऱ्हाडही पंगतीला बसणार नव्हतं.

नवरीचे वडील कल्याणराव मुळीच घाबरले नाहीत. नगरच्या एमआयडीसीत जादूचा कारखाना निघाल्यापासून शहरात घाबरायचं कारणच उरलं नव्हतं. टपरीटपरीवर शाम्पूसारख्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या. उतू जाणारं दूध थांबवायची पुडी, हरवलेली चप्पल पायाशी आणायची पुडी. कल्याणरावांनी दोन रुपयांची समजूतपुडी फोडली आणि आप्पासाहेबांवर फुंकली.

मागच्या लग्नसराईत याच पुडीने आप्पासाहेबांचा घात केला होता. रुसून बसल्यावर खुर्चीही गरम झाली नव्हती, तोच ते हसत हसत पंगतीत जाऊन बसले होते. रुसण्यातली सगळी मजाच गेली. म्हणून या वेळी ते मनगटावर त्याच कारखान्याचा, कुठल्याही पुडीला दाद न देणारा ‘रुसवा पक्का’ दोरा बांधूनच तिसगावहून निघाले होते.

पुड्यांवर पुड्या फुटल्या. मामा ढिम्म. हात जोडून दोन गोड शब्द बोलावेत हे कुणाला सुचेना. ती सवयच मोडली होती. इकडे आप्पासाहेबांना भूक सडकून लागली होती, पण आपणहून उठणं शोभलं नसतं.

शेवटी मामींना, सत्यशीलाबाईंना, बोलावलं. त्या आल्या, शेजारची खुर्ची ओढली आणि नवऱ्याकडे पाठ करून बसल्या.

“लगीन झाल्यापून ह्यांचे रुसवे काढतीया,” त्या म्हणाल्या. “आज मी रुसले.”

कल्याणरावांनी उरल्यासुरल्या पुड्या त्यांच्यावर उधळल्या. काही फरक पडला नाही. मामींच्या हातात दोराबिरा नव्हता, नुसत्या बांगड्या होत्या. इतका मुरलेला रुसवा पुडीने निघणारा नव्हता.

आप्पासाहेब बराच वेळ बायकोच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी दातांनी दोरा तोडला, आत गेले आणि स्वतः ताट वाढून आणलं. गोडाची जागा मात्र रिकामी होती.

“जिलबी आनू का बुंदी?” त्यांनी विचारलं. “तुला काय आवडतं, मला ठावं न्हाई बघ.”

सत्यशीलाबाई वळल्या नाहीत.

“दोन्ही आना,” त्या म्हणाल्या. “पन आदी अजून एकदा इचारा.”