शेजारची सीट

माझ्या धाकट्या भावाला, म्झुकिसीला, पुरून चार महिने झाले होते. पण आईच्या लेखी तो अजून घरी आलाच नव्हता. ज्या वळणावर त्याची बस उलटली, तिथून आमच्या रीतीप्रमाणे त्याचा जीव काटेरी झाडाच्या फांदीवर आणल्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती.

भर दुपारी काकांनी त्या वळणावर फांदी टेकवली, त्याला हाक मारली आणि फांदी माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली. मी गाडी सुरू करताच पट्टा न लावल्याची घंटी वाजू लागली.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. त्या सीटवर पाच किलो मक्याचं पीठ ठेवलं तरी घंटी वाजत नाही. फांदी अर्धा किलोचीही नव्हती.

"लाव रे बाबा पट्टा," काका मागून हसले. "जिवंतपणी कधी लावला नाहीस!"

मीच तो फांदीवरून लावला. आवाज थांबला.

केई नदी आली. "म्झुकिसी, पूल आलाय. मागे राहू नकोस हं," काकांनी त्याला सांगितलं.

पुलापलीकडे आईचा फोन आला. मी गाडी बाजूला घेतली.

"आला गं तो, पोरी! गाई हंबरतायत, कुत्रं त्याच्या मागेमागे फिरतंय. पण तुम्ही दोघं कुठे राहिलात?"

"काय म्हणते?" काकांनी विचारलं.

शेजारचा पट्टा हळूहळू ताणला गेला. फोन नीट ऐकू यावा म्हणून कुणी माझ्याकडे वाकावं, तेवढाच.