अडवलेला ड्रम

ड्रमवर चिकटवलेल्या पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्याच नव्हत्या. पंचफुलानं तो कापडांचा ड्रम खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. फिक्याच. वाफ नीट बसली असती तर त्या काळ्याकुट्ट पडल्या असत्या. म्हणजे आतली ऑपरेशनची कापडं नुसती गरम झाली होती, निर्जंतुक नाही.

चूक तिचीच. दुष्काळाचं दुसरं वर्ष, टँकर चार दिवसांतून एकदा. वाफेच्या मशीनमध्ये पाणी ओतताना तिचा हात घरच्यासारखाच आखडला. दोन तांबे कमी पडले, आणि मशीन मधेच कोरडं पडलं.

पलीकडच्या खोलीत मुरुडची एक बाळंतीण ऑपरेशनची वाट बघत होती. मूल पायाळू. रात्रीत दोन ऑपरेशनं झालेली, त्यामुळं हाताशी ड्रम हा एकच.

‘पट्टी फाडून टाक अन् दे पाठवून,’ निवृत्तीमामा म्हणाले.

मामा दवाखान्याच्या या वाफेच्या खोलीतले जुने माणूस, महिनाअखेर रिटायर होणारे. लातूर जिल्हा झाला, दवाखान्याची पाटी मोठी झाली, पण या खोलीला मंजूर जागा अजून एकच, ती मामांची. पंचफुला सहा वर्षं रोजंदारीवर. खाडा झाला की मजुरी गेली. पर्मनंट झाली तर महिन्याचा पगार, पेन्शन, थोरलीचं कॉलेज. तिच्या शिफारशीचा कागद आजच डॉक्टरांच्या टेबलावर गेला होता. मामांनीच हातापाया पडून तो पुढं सरकवला होता.

‘असं कसं पाठवू, मामा?’

‘आजवर कुणाला काय झालंय? आज चूक सांगितलीस की जागा गेली म्हणून समज. तुझ्यासाठीच सांगायलोय.’

ते खरंच तिच्यासाठी सांगत होते. कापडाची घडी कशी घालायची, वाफेच्या दाबाचा काटा कसा वाचायचा, सगळं त्यांनीच शिकवलेलं. या माणसाचे उपकार फिटायचे नव्हते. म्हणून तर तिची जीभ रेटेना. पण ड्रम तिथंच ठेवून ती गेली आणि डॉक्टरांपुढं उभी राहिली.

‘साहेब, ड्रम कच्चा हाय. पाणी मीच कमी घातलं. तासभर द्या.’

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. आत जाऊन त्यांनी बाळंतिणीला तपासलं. ‘तासभर थांबता येईल,’ ते म्हणाले. ‘त्याच्यापुढं एक मिनिट नाही.’

तास मिळाला, पाणी कुठलं? टाकी खडखडीत. व्हरांड्यात बाळंतिणीची सासू सरजाबाई गावाकडून आणलेली कळशी मांडीशी धरून बसली होती. पंचफुलानं तिला सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. सरजाबाई उठली आणि तिनं कळशीच पुढं केली.

या खेपेला रेघा काळ्या झाल्या. पट्टी बघून पंचफुलानं ड्रम स्वतःच नेऊन दिला.

पोरगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. दुपारी सरजाबाई साखरेची पुडी घेऊन थेट या वाफेच्या खोलीत आली. इथं साखर घेऊन आजवर कुणी फिरकलं नव्हतं.

‘डॉक्टरला समदेच देतेत,’ ती म्हणाली. ‘तू थांबवलंस म्हणून माझी सून धड हाय. तोंड गोड कर, बाई.’

पंचफुलाला रडू आवरेना. जागा गेली तर जाऊ दे, तिला वाटलं, आपण हे काम शिकलो हेच नशीब. तिनं त्यातली चिमूटभर साखर आधी मामांच्या हातावर ठेवली.

तेवढ्यात डॉक्टर आले. हातात तिच्या शिफारशीचा कागद. सही नव्हती. तिच्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

‘निवृत्ती, किती वर्षं झाली तुम्हाला या खोलीत?’

‘बावीस, साहेब.’

‘बावीस वर्षांत किती ड्रम अडवले?’

मामा ताठ झाले. ‘एक पण न्हाई, साहेब.’



‘त्याचीच तर मला धास्ती वाटायची,’ ते म्हणाले, आणि कागद मशीनच्या झाकणावर ठेवून त्यांनी सही केली.