नावाची जागा

“मावशी, तुम्हीच सांगा तिला,” सिस्टर दीपाली दबक्या आवाजात म्हणाली. “टुना गेला. डॉक्टरांनी हिंदीत सांगितलं, तर तिनं नुसती मान डोलावली आणि दूध कधी पाजू म्हणून खुणेनं विचारलं.”

“अगं बाई, मला कुठं तिची भाषा येती?” साळूबाई म्हणाली.

“मग आठ दिवस दोघी मिळून गाताय कशा?”

कराडच्या त्या दवाखान्यात काचेआड दोन लेकरं शेजारी-शेजारी होती. वडूजहून आणलेला साळूबाईचा नातू पिरथी, आणि वीटभट्टीवर कामाला आलेल्या ओडिशाच्या सुकांतीचा टुना. पहिल्या दिवशी साळूबाईनं बाकावर बसून अंगाई धरली, तेव्हा सुकांतीनं तिच्या बोलीतली एक त्याच चालीवर बसवली. मग रोज एक ओळ हिची, एक तिची. ओळीच्या शेवटी लेकराचं नाव. साळूबाईच्या ओळीला टुना, सुकांतीच्या ओळीला पिरथी. दुसरा एकही शब्द त्यांच्यात कधी झाला नव्हता.

भट्टीवर सुकांतीच्या नवऱ्याचा फोन लागत नव्हता. टुनाच्या खाटेभोवती पडदा ओढला होता.

“बरं वाटाया लागलं म्हणून झाकलं असंल, असं वाटतंय व्हय तिला?” साळूबाईनं विचारलं.

“झोपलाय असं वाटतंय,” सिस्टर म्हणाली आणि आत गेली.

साळूबाई बाकावर जाऊन बसली. सुकांतीचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. “पोरी,” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

सुकांतीला वाटलं, गायची वेळ झाली. तिनं पदर सारखा केला आणि सुरुवात केली. ओळीच्या शेवटी पिरथीचं नाव आलं. काचेआड पिरथीनं पाय झाडला.

“दोरी वढिते हळूहळू,” साळूबाईनं कसाबसा सूर लावला, “नीज रं माज्या…”

पुढं तिला म्हणता येईना.

सुकांती वाट बघत राहिली. मग म्हातारी विसरली असं समजून हसली. साळूबाईची ती ओळ तिनं मोडक्या मराठीत पहिल्यापासून म्हटली. नावाच्या जागी थांबली आणि साळूबाईला आठवावं म्हणून, आवाज न करता, ओठांचा चंबू करून ‘टु’ दाखवू लागली.