उपाशीपोटी रंग कळत नाही

"सर, मला खरंच आकडा दिसत नाहीये," तुळशी तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा वर्ग हसायचा थांबला.

चिंतामणी सरांनी ठिपक्यांचं पुस्तक तिच्यासमोर धरलं होतं. लाल ठिपक्यांत हिरव्या ठिपक्यांचा आकडा. बाकीच्या पोरांनी तो एका दमात वाचला होता. दहावीला आनुवंशिकतेचा धडा कंटाळवाणा वाटू नये म्हणून सरांनी ते पुस्तक एका डॉक्टर मित्राकडून मुद्दाम मागून आणलं होतं. आता आपणच हौसेने विंचू उचलून वर्गात आणला, असं त्यांना वाटलं.

कारण फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: मुलीला एक एक्स गुणसूत्र आईकडून मिळतं, एक वडिलांकडून. दोन्हींत दोष असला तरच ती रंगांध होते. वडिलांकडे एक्स एकच. म्हणजे मुलगी रंगांध असेल, तर वडील असणारच.

आणि तुळशीचा बाप होता हरिचंद्र, उल्हासनगरातला नावाजलेला रंगमास्टर.

साड्यांना रंग देणाऱ्या कारखान्यात तो अठरा वर्षं होता. मापं, वजनं, पाण्याची ऊब, सगळं त्याला तोंडपाठ. पण त्याचं नाव झालं होतं ते नजरेमुळे. गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी कुठला रंगवलेला तुकडा जुळतो, हे तो सांगेल तेच शेटजी खरं मानत. त्याची एकच खोड होती. कमळाबाई दुपारी डबा घेऊन येईपर्यंत तो कुठलाच तुकडा पास करत नसे. उंबऱ्यावर उन्हात तुकडे मांडायचा, बायको तिथेच डबा ठेवायची, मग मास्टर बोट ठेवायचा. "उपाशीपोटी रंग कळत नाही," असं तो म्हणायचा आणि सगळा कारखाना हसायचा. कमळाबाईही पक्की. अंगात ताप असला तरी डबा स्वतःच न्यायची. तुळशीची शाळा कारखान्याच्या वाटेवर होती, पण पोरीच्या हाती तिने डबा कधी दिला नाही.

मधल्या सुट्टीत तुळशी शिक्षकांच्या खोलीत आली. शनिवारी अंबरनाथला विज्ञान प्रदर्शन होतं, आणि घरातल्या माणसांचे गुण दाखवणारा वंशावळीचा तक्ता सरांनी तिलाच दिला होता.

"सर, बाबांच्या चौकोनात काय भरू? त्यांना तर रंग सगळ्यांत चांगले कळतात."

"बघू. घाई करू नकोस."

"पण मग फळ्यावरचं खरं असेल, तर मी कशी काय..." तिने वाक्य तिथेच सोडलं. पोरगी हुशार होती. तक्ता पुरा झाला की हा आपला बाप नव्हे, असंच तिला दिसणार होतं, आणि तेही भर प्रदर्शनात, रंगीत खडूंनी.

दुसऱ्या दिवशी कमळाबाई रिकामा डबा हातात घेऊन शाळेत आली. बाकावर टेकली नाही.

"सर, तुळशीला तो तक्ता काढायला लावू नका."

"का हो?" सरांनी उगाचच विचारलं.

"तुम्हाला कळलंय. तुमच्या तोंडावरून दिसतंय." तिने पदर सारखा केला. "बाहेर फुटलं तर आमचं घर बसलं म्हणून समजा."

"हरिचंद्रांना माहीत आहे?"

"त्यांना माहीत नसून कसं चालेल? लग्नाला आठ दिवस झाले न झाले, तेव्हाच सगळं उघड झालं. लई रडले ते. मीच म्हटलं, आता रडून काय होणार? दोघांनी मिळून झाकू. तेव्हापासून झाकतोय."

दुसऱ्याचं मूल पोटात घेऊन आलेल्या बायकोला त्या माणसाने एका शब्दाने दुखवलं नाही, वर पोरीला जिवापाड वाढवलं. त्याच्याविषयी सरांचं मन भरून आलं.

"तुळशीला यातलं काही?"

"काही नाही. आणि कळायला नको, सर. बापावर जीव आहे तिचा."

गुरुवारी चिंतामणी सरांनी बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा वर्गात खोटं सांगितलं. पुस्तक जुनं आहे, त्याचे रंग उडालेत, त्यावरून कुणाचं काही ठरवू नये. तक्त्याऐवजी वाटाण्याच्या रोपांची चित्रं न्यायची. तुळशीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि वहीतलं वंशावळीचं पान फाडून दप्तरात कोंबलं. खोटं बोलून इतकं हलकं वाटेल, असं सरांच्या ध्यानीमनी नव्हतं.

शुक्रवारी दुपारी हे कमळाबाईच्या कानावर घालायला ते कारखान्याकडे गेले. ती नुकतीच डबा घेऊन पोचली होती. उंबऱ्यावर हरिचंद्र पाठमोरा बसला होता. पुढ्यात तीन तुकडे, एक विटकरी लाल आणि दोन मेहंदी हिरवे, आणि त्यांच्या शेजारी गिऱ्हाइकाचा मेहंदी नमुना.

"मास्टर, जल्दी करो साईं, पार्टी बैठी है," आतून सिंधी शेटजी ओरडले.

कमळाबाई वाकणार, तोच तिला रस्त्यापलीकडे सर दिसले. ती दचकली आणि डबा छातीशी धरून तशीच उभी राहिली. सरांनी लांबूनच मान हलवली, काळजी करू नका अशा अर्थाने.

हरिचंद्रचा हात पुढे झाला. विटकरी तुकड्यावर थांबला, मेहंदीवर आला, पुन्हा विटकरीवर गेला.

"कमळे," मान न वळवता तो हलक्या आवाजात म्हणाला, "डबा ठेव की. नमुन्याशी जुळतो त्या तुकड्याजवळ, रोजच्यासारखा."